जिनिंगचं प्रशिक्षण परदेशात न्यायचं असेल तर: वर्धा-यवतमाळकडच्या लहान केंद्रांसाठी सविस्तर मार्गदर्शक

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, राळेगाव या पट्ट्यात रेचा, म्हणजे कापसाची रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र, दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागत नाही. चहाच्या टपरीवर विचारलं तरी दोन नावं मिळतात. हेच कसब पूर्व आफ्रिकेत सहजी मिळत नाही. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला म्वांझा, शिन्यांगा, सिमियू हा भाग म्हणजे तिथला विदर्भ. काळी जमीन, कोरडवाहू कापूस, आणि जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, बहुतेक रोलरवर चालणारी यंत्रं, त्यात भारतातून गेलेले डबल रोलर रेचेही आहेत. यंत्र आपल्याकडून जातं. ते चालवायचं आणि राखायचं शिक्षण मात्र त्याच्यासोबत क्वचितच जातं.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला आणि नंतर वर्धा जिल्ह्यात जीन-फिटरांसाठी छोटे वर्ग चालवले. आमचं प्रशिक्षण तिकडे नेताना जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं जिनिंगची आहेत, पण सौर पंप, दुग्धयंत्रं, डाळमिल असं काहीही शिकवणाऱ्या केंद्राला ही रीत लागू पडेल.

आधी ठरवा: डेमो द्यायचा आहे की शिकवायचं आहे?

माझा पहिला दौरा एका यंत्रविक्रेत्याबरोबर झाला. रेचे बसवायचे, तीन दिवस 'ट्रेनिंग' द्यायचं आणि परत यायचं, असा बेत होता. मी बोलायचो, पोरं मान हलवायची, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो. पुढच्या हंगामात त्याच जिनातून फोन आला की दोन रेचे बंद आहेत, माणूस पाठवा. मी चौकशी केली तेव्हा कळलं की रोलरवरच्या खाचा झिजल्या होत्या, एवढंच. त्या पुन्हा पाडायला आमच्या पुलगावच्या पोराला अर्धा दिवस पुरला असता. मी ते 'सांगितलं' होतं. त्यांच्या हाताने एकदाही करून घेतलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी व्याख्या ठरली. तिथला माणूस माझ्याशिवाय काम करतो तेव्हा अर्धं काम झालं. तो दुसऱ्याला शिकवतो तेव्हा पुरं झालं. पुढची प्रत्येक पायरी, पैशाचीसुद्धा, याच व्याख्येवर बेतलेली आहे. तुम्हाला यंत्र विकण्यापुरतं शिकवायचं असेल तर तसं उघड सांगा आणि त्याला प्रशिक्षण म्हणू नका.

देश निवडताना हंगाम पाहा

बहुतेक लोक ओळखीच्या माणसावरून देश निवडतात. मी पिकाच्या वेळापत्रकावरून निवडा म्हणतो.

आपल्याकडे वेचणी दसरा-दिवाळीपासून सुरू होते आणि जिनं उन्हाळ्यापर्यंत चालतात. पावसाळ्यात जीन बंद, मिस्त्री मोकळा, कुणी धुऱ्यावर तर कुणी फवारणीला. टांझानियाच्या पश्चिम कापूस पट्ट्यात पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरची, खरेदी साधारण मे महिन्यापासून आणि जिनं त्यानंतर जोरात. म्हणजे आपले फिटर रिकामे असतात नेमके तेव्हा तिकडचे रेचे चालू असतात. चालू जिनात शिकवता येतं आणि आपल्या माणसाची इकडची मजुरीही बुडत नाही. याउलट युगांडात कापूस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघतो. तिथला कार्यक्रम घेतला तर आपला हंगाम सोडून जावं लागेल आणि चांगला मिस्त्री येणारच नाही.

यंत्रही तपासा. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच जिनांत सॉ जिन आहेत, म्हणजे गोल करवतीच्या दातांनी रुई ओढणारी. अमेरिकेत १७९०च्या दशकात आलेली ही जात. रोलर जिनची जात वेगळी, मॅकार्थी याने १८४० मध्ये पेटंट घेतलेली, आणि आपला डबल रोलर तिच्याच वंशातला. रोलरवर हात बसलेला माणूस सॉ जिनसमोर उभा केला तर त्याची आणि तुमची, दोघांची लाज जाते. जिथे रोलर आहेत तिथेच जा.

आधी कोण गेलंय ते पाहा

आपण काही पहिले नाही. नागपूरला 'सिरकॉट' या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. आफ्रिकेतले लोक तिथे येऊन शिकून गेलेत. भारत सरकारने २०१२ मध्ये आफ्रिकेसाठी कापूस तांत्रिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यात बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली, नायजेरिया, युगांडा आणि मलावी हे देश होते. त्याआधी १९६४ पासून 'आयटेक' चालू आहे. त्यात परदेशी उमेदवारांचा भारतात शिकायला येण्याचा खर्च आपलं सरकार करतं.

लहान केंद्राने या संस्थांशी स्पर्धा करू नये. त्यांच्याकडे शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, धाग्याची तपासणी आहे. आपल्याकडे वीस-वीस हंगाम रेच्यापाशी काढलेली माणसं आहेत. नागपूरच्या केंद्रात चार दिवस जाऊन तुमच्या प्रशिक्षकाचं ज्ञान पक्कं करून घ्या. आमचे मिस्त्री तिथे गेले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की चामड्याच्या रोलरमधलं क्रोमियम रुईत आणि हवेत मिसळतं आणि त्याला पर्याय म्हणून क्रोमविरहित रबराचे रोलर सिरकॉटने केले आहेत. जन्मभर त्या धुळीत काढलेल्या माणसाला हे उशिरा कळावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मिस्त्रीच्या हातातलं ज्ञान बाहेर काढा

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे आणि लोक हीच गाळतात.

आमच्या सोबत आलेले मिस्त्री साठीच्या घरातले, शिक्षण चौथी. रेचा चालू असताना ते दारात उभे राहून सांगायचे, "सर, तिसऱ्या नंबरचा बीटर ढिल्ला होऊन राहिला." मी जवळ जाऊन पाहिलं की खरंच. "कसं कळलं भाऊ?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "आवाज बदलला ना. समजून जाते."

समजून जाते, हे परदेशी पोराला शिकवता येत नाही. म्हणून आम्ही महिनाभर एक काम केलं. मिस्त्री काम करणार, मी मोबाइलवर हातांचं चित्रण करणार आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारणार: आता काय पाहिलं? हात इथे का ठेवला? इथेच का थांबला? सुरुवातीला ते चिडले. मग त्यांनाच मजा येऊ लागली. बेअरिंगवर तळहात ठेवून ते मनात आकडे मोजतात हे मला तेव्हा कळलं. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर ठीक, त्याआधी काढावा लागला तर ग्रीस किंवा अलाइनमेंट पाहायचं. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्या चित्रणातून कामांची यादी निघते. पाठ्यक्रम तिथूनच बनवा, पुस्तकातून उतरवू नका. आमची यादी अशी झाली: यंत्र थांबवून स्विचला कुलूप लावणे, साफसफाई, यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यांचा (बेल्टचा) ताण, बेअरिंग आणि ग्रीस, स्थिर पट्टी आणि हलती पट्टी या दोन सुऱ्यांची जुळवणी, रोलरवरचा दाब, खाचा पाडणे, रोलरवर नवीन वॉशर (चकत्या) चढवणे, सरकीची जाळी बसवणे. आणि या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट, तिच्याबद्दल खाली जरा सविस्तर.

सरकी वाचायला शिकवा

रेचा बरोबर चालतोय की नाही हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. खालून पडलेली मूठभर सरकी उचला आणि पांढऱ्या कागदावर पसरा.

आपल्या कापसाच्या सरकीला मुळातच आखूड, मऊ लव असते. ती राहणारच, ती दोष नाही. पण त्या लवेच्या वर लांब धागे लोंबत असतील तर रुई पूर्ण निघालेली नाही. मग रोलरच्या खाचा झिजल्यात, दाब कमी पडतोय, किंवा जाळीची फट मोठी राहून सरकी काम संपायच्या आधीच निसटतेय. सरकी टिचलेली, टरफल फुटलेली दिसली तर हलती पट्टी स्थिर पट्टीवर गरजेपेक्षा जास्त चढतेय का ते आधी पाहा. रुईला करपट वास आला किंवा तिच्यावर पिवळी झाक दिसली तर रोलरचा दाब वाढलाय. रुईत सरकीच्या बारीक कपच्या सापडल्या तर पुन्हा पट्ट्यांकडे.

नवशिक्याला लव आणि राहिलेला धागा यांतला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. त्यासाठी आम्ही तीन डब्या नेल्या: चांगली सरकी, धागे राहिलेली, टिचलेली. प्रत्येकाने डोळे मिटून बोटांनी ओळखायची. दोन दिवसांत सगळ्यांना जमलं.

इथेच मला माझ्या शिकवण्यातली मोठी चूक सापडली. आपल्याकडे सरकी तेलाच्या घाण्यात आणि ढेपेला जाते. पाच-दहा दाणे टिचले तर जीनमालक फार बोलत नाही, त्याचं सगळं लक्ष रुईच्या उताऱ्यावर. २००२ नंतर आपण बीटीच्या संकरित बियाण्याची पाकिटं विकत घ्यायला लागलो, त्यामुळे जिनातली सरकी शेतात जात नाही. टांझानियात बीटी नाही, वाण सरळ आहेत आणि जिनातून निघालेली सरकीच पुढच्या वर्षी पेरायला शेतकऱ्याकडे जाते. तिथे टिचलेला दाणा म्हणजे न उगवलेलं झाड. मी मात्र विदर्भाच्या सवयीने 'थोडं चालतं' असं शिकवत होतो. एका शेतकऱ्याने, जिनात सरकी घ्यायला आलेल्या, मूठभर दाणे माझ्यासमोर धरले आणि एकेक फुटका बाजूला काढला. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी पट्ट्यांच्या जुळवणीचा धडा नव्याने घेतला आणि टिचलेल्या दाण्यांची मोजणी परीक्षेत आणली.

म्हणून तुमचा पाठ्यक्रम तयार झाला की प्रत्येक कामापुढे लिहा: हे तिथे कशासाठी लागतं? यंत्र तेच असलं तरी त्यामागचं कारण वेगळं असू शकतं. हे घरबसल्या कळत नाही. वर्ग सुरू होण्याआधी आठवडाभर नुसतं पाहायला जा, बाजारात, शेतात, जिनात. त्याचा खर्च करारात मागा. नाही मिळाला तर स्वतः करा.

भागीदार आणि मान्यता

परदेशात आपलं प्रमाणपत्र आपोआप चालत नाही. भारतात २०१८ मध्ये स्थापन झालेली 'एनसीव्हीईटी' कौशल्य प्रशिक्षणाचं नियमन करते, पण तिची चौकट आपल्यापुरती. टांझानियात व्यवसाय शिक्षणासाठी 'वेटा' हे प्राधिकरण आहे, १९९४च्या कायद्याने झालेलं. म्वांझा आणि शिन्यांगात त्यांची केंद्रं आहेत. केनियात २०१३च्या कायद्याखालचं वेगळं प्राधिकरण. प्रत्येक देशात असं काहीतरी असतंच. ते आधी शोधा.

माझा सल्ला असा की स्वतःचं केंद्र तिथे उघडायच्या फंदात पहिली काही वर्षं पडू नका. जमीन, परवाना, कर, नोकरभरती यांत जीव जातो. तिथल्या शासकीय व्यवसाय प्रशिक्षण केंद्राशी हात मिळवा. वर्ग त्यांचा, प्रशिक्षणार्थींची नोंद त्यांच्याकडे, प्रात्यक्षिक जवळच्या जिनात, शिकवणं आपलं. त्यांचा एक शिक्षक पहिल्या दिवसापासून सोबत उभा राहिलाच पाहिजे, ही अट सोडू नका. पुढे वर्ग तोच घेणार आहे. मूल्यमापन त्यांच्या पद्धतीने झालं तर पोराला त्या कागदाचा उपयोग होतो.

तुमच्या केंद्राने कागद द्यायचाच असेल तर त्यावर स्पष्ट लिहा: इतके दिवस हजर, अमुक कामं स्वतः करून दाखवली. सिंह-मुद्रा, अशोकचक्र, 'गव्हर्नमेंट' असा शब्द, सरकारी वाटेल अशी नक्षी, काही नको. गरीब घरातला मुलगा तो कागद घेऊन शहरात नोकरी मागायला जातो. तिथे तो खोटा ठरला तर शरम त्याला वाटते, आपल्याला नाही.

करारात काय मागायचं

तोंडी बोलण्यावर विमानात बसू नका. इंग्रजीत दोन पानं पुरतात, पण त्यात या गोष्टी हव्यात: रोज किती तास आणि किती रेचे फक्त प्रशिक्षणासाठी मोकळे राहतील. सरावासाठी किती कापूस मिळेल. वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कोणाचं. वॉशर, पट्टे, बेअरिंग हे सुटे भाग कोण आणणार. अपघात झाल्यास विमा कोणाचा. चित्रफिती आणि तक्ते नंतर कोण वापरू शकेल.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. चालू हंगामात जीनमालक तोंडभर हो म्हणतो आणि सकाळी गाड्या लागल्या की एकही रेचा मोकळा देत नाही. त्याचं चुकतं असंही नाही. आम्ही मग मार्ग काढला. सकाळी पाळी बदलायच्या वेळी दोन तास आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस, हे लेखी ठरवलं. तेवढं पाळलं गेलं.

प्रशिक्षणार्थी कोण हेही करारात लिहा. एका रेच्यामागे चारपेक्षा जास्त नकोत, नाहीतर दोघं शिकतात आणि बाकीचे बघतात. आमची तुकडी बाराची आणि दिवस बारा. काही जागा बायांसाठी राखून मागा. आपल्या जिनातसुद्धा कचरा वेचायला, कापूस पसरायला बाया, आणि यंत्राला हात लावायला पुरुष, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. आमच्या तुकडीतल्या तीन बायांचे हात सरकी ओळखण्यात सगळ्यांत पुढे होते, कारण रोज कापूस हाताळणाऱ्या त्याच होत्या. आता मी इकडच्या वर्गातही हीच अट घालतो.

भाषा, आणि घड्याळ

जिनात इंग्रजी उपयोगी पडत नाही. कामगार किस्वाहिली बोलतात, घरी सुकुमा. दुभाषा निवडताना चांगलं इंग्रजी येणारा पदवीधर घेऊ नका, थोडं इंग्रजी येणारा फिटर घ्या. पदवीधराला 'टॉर्क' म्हणजे काय ते माहीत नसतं आणि तो लाजून काहीही सांगून देतो.

तरी स्वतः पंचवीस-तीस शब्द पाठ करा. कापसाला पांबा, बीला म्बेगू, पट्ट्याला म्कांडा, सुरीला किसू, धोक्याला हातारी, कारागिराला फुंडी. 'हातारी' हा शब्द मोठ्याने ओरडता आला पाहिजे. आपल्या भाषेत ओरडलात तर कोणी मागे सरकणार नाही. वडीलधाऱ्याला तिथली पोरं 'शिकामू' म्हणतात आणि त्यावर 'माराहाबा' असं उत्तर द्यायचं असतं. आमच्या मिस्त्रींना पहिल्याच सकाळी बारा जणांनी शिकामू केलं. उत्तर त्यांना पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी ते दिलं आणि त्या क्षणापासून वर्ग त्यांचा झाला.

घड्याळाचं मात्र मी चुकवलं. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने त्यांच्या भाषेत सांगितलं, उद्या 'सा नाने', म्हणजे आठ वाजता. सकाळी आठला मी आणि मिस्त्री दोघंच. तुकडी आली दुपारी दोनला, सगळे वेळेवर. किस्वाहिलीत तास दिवस उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. आपल्या पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात तसंच. सकाळी आठला बोलवायचं तर 'सा म्बिली' म्हणा. फळ्यावर घड्याळाचं चित्र काढून सूर्य दाखवलात तर आणखी बरं.

तक्ते चित्रांचे करा, अक्षरं कमीत कमी. बरोबर आणि चूक अशी दोन चित्रं शेजारी शेजारी. इंग्रजी लॅमिनेट केलेले पंधरा तक्ते मी पहिल्या खेपेला नेले होते. पुढे ते जिनाच्या खिडकीला ऊन अडवायला लावलेले दिसले.

शिकवण्याचा क्रम

एक काम घ्या. मिस्त्री ते न बोलता एकदा पूर्ण करून दाखवतील. मग थांबत थांबत, प्रत्येक टप्पा बोलून. मग प्रशिक्षणार्थी बोलेल आणि मिस्त्री त्याच्या सांगण्यावरून करतील. चुकीचं सांगितलं तर मिस्त्रींनी तसंच चुकीचं करायचं, यंत्राला इजा होत नसेल तर. मग प्रशिक्षणार्थी स्वतः करेल. शेवटी त्याने ते शेजाऱ्याला शिकवायचं. हा शेवटचा टप्पा वेळ नाही म्हणून सोडला जातो. तो सोडला तर सगळं आमच्या पहिल्या दौऱ्यासारखं होतं.

सुरक्षेचा वेगळा तास ठेवू नका, प्रत्येक कामाची सुरुवात तिथून करा. स्विचला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, मग झाकण उघडायचं. कापसात आलेला खडा किंवा खिळा ठिणगी पाडतो. रुईची आग आतल्या आत धुमसते आणि तासांनी भडकते. हे आपल्या प्रत्येक जिनाने कधी ना कधी भोगलंय. नाकातोंडाला कापड बांधायला लावा, कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं गेली की छाती भरते. हे सांगताना मिस्त्रींनी आपला स्वतःचा खोकला दाखवला. त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

परीक्षा लेखी नको. एक रेचा मुद्दाम बिघडवून ठेवा: पट्टा ढिला, एका बाजूचा दाब कमी, जाळी तिरकी. सरकी पाहून दोष ओळखायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा सरकी दाखवायची. जमलं नाही तर दोन दिवसांनी परत संधी. दया म्हणून पास करू नका.

प्रवास, कागद, तब्येत

पर्यटक व्हिसावर शिकवायला जाऊ नका. कोणता परवाना लागतो ते यजमान संस्थेकडून लेखी घ्या आणि त्यांनाच अर्ज करायला लावा. पासपोर्ट काढताना मिस्त्री दहावी नसतील आणि वय पन्नासच्या आत असेल तर त्यावर 'एमिग्रेशन चेक आवश्यक' असा शेरा येऊ शकतो. त्याला घाबरू नका, ती अट आखाती देश, मलेशिया, सुदान अशा ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना लागते आणि टांझानिया, युगांडा त्यात नाहीत.

पिवळ्या तापाची लस मान्यताप्राप्त केंद्रात निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. एकदा घेतलेली जन्मभर चालते. युगांडा, केनियासारख्या देशांतून कार्डाशिवाय परतलात तर मुंबईत विलगीकरणात राहावं लागू शकतं. टांझानियाला जातानाही विमान मध्ये नैरोबीला बदलणार असेल तर विचारून घ्या. सरोवराच्या भागात मलेरिया भरपूर, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. आणि परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर गावच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेत होतो.

विजेची काळजी नको, दाब आणि वारंवारता आपल्यासारखीच आहे. हत्यारांची यादी मात्र छापून, सही-शिक्क्यासह सोबत ठेवा, दोन्हीकडच्या कस्टमला दाखवायला. आमची फट मोजायची फीलर गेज आणि खाचा पाडायचं हत्यार हातातल्या बॅगेत होतं, ते विमानतळावर काढून घेतलं. चेक-इन सामानात टाका.

पैसे

तिकीट, व्हिसा, विमा आणि निम्मं मानधन निघण्याआधी खात्यात आलंच पाहिजे. उरलेलं परीक्षेनंतर. एक हिस्सा पुढच्या हंगामातल्या फेरतपासणीसाठी ठेवायला सांगा, म्हणजे पुन्हा जायची वाट मोकळी राहते.

सेवेची निर्यात जीएसटीत शून्य दराची आहे. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी लेटर ऑफ अंडरटेकिंग (हमीपत्र) भरून ठेवा, मग आयजीएसटी आधी भरावा लागत नाही. पैसे परकीय चलनात बँकेतूनच यावेत आणि बँकेकडून आवक रकमेचा दाखला घ्या. तिकडे कर कापला जातो तेव्हा कापल्याचं प्रमाणपत्र मागा. भारताचा टांझानियाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्याचा आधार घेऊन सीए इथे वजावट मिळवून देतो. प्रमाणपत्र नसेल तर दोन्हीकडे कर भरून बसाल.

मिस्त्रींना तुमच्याइतकंच मानधन द्या. वर्ग मी लावला, कागद मी केले, पण शिकवलं त्यांनी. आधी मी त्यांना 'हेल्परचा' दर लावला होता. ते काही बोलले नाहीत, पण करारावर दोघांची नावं वर-खाली पाहून यजमानांनीच विचारलं की मुख्य शिक्षक कोण. दुसऱ्या खेपेपासून त्यांचं नाव वर.

निघाल्यावर

जाण्याआधी तिथल्या शिक्षकाला एक पूर्ण दिवस एकट्याने घेऊ द्या. तुम्ही मागे बसा आणि तोंड उघडू नका. मिस्त्रींना हे फार जड गेलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

तक्ते, सरकीच्या तीन डब्या, खाचा पाडायच्या हत्यारांचा एक संच तिथेच ठेवून या. वॉशर आणि पट्टे कुठून मागवायचे त्याचा पत्ता भिंतीवर लिहा. सुटा भाग मिळाला नाही तर शिकलेला हात रिकामाच राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडीचा गट करा, पण 'सगळं ठीक?' असं विचारू नका, उत्तर नेहमी ठीक असंच येतं. दर पंधरा दिवसांनी फक्त एक गोष्ट मागा: पांढऱ्या कागदावर पसरलेल्या मूठभर सरकीचा फोटो, शेजारी रेच्याचा नंबर.

आम्हाला तो फोटो भर पावसाळ्यात आला, इकडे कपाशीला डवरणी चालू होती. पाच नंबरच्या रेच्याची सरकी. मिस्त्रींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि म्हणाले, "डावीकडची जाळी थोडी उघडी हाय. सांगून द्या त्याले." मी लिहायला घेतलं तोवर गटात त्यांच्याच शिक्षकाचं उत्तर पडलेलं होतं, जाळीच्या चित्रावर लाल गोल काढून.